ठाण्याच्या नौपाड्यातील वाचनालयात ‘कोहा’ बसवताना: जानेवारी ते ऑक्टोबर २०२४ च्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

कार्यकारिणीच्या आजच्या बैठकीत वाचनालयाची देवघेव संगणकावर आणण्यास मंजुरी मिळाली आणि खर्चाची मर्यादा साठ हजार रुपये ठरली. आसपासच्या तीन-चार छोट्या वाचनालयांचे ग्रंथपाल याच विचारात आहेत आणि ‘कुठे अडलात ते लिहून ठेवा’ असे त्यांनी आवर्जून सांगितले आहे. त्यामुळे जे सुरळीत होईल ते थोडक्यात आणि जे बिघडेल ते सविस्तर, अशा रीतीने या नोंदी ठेवणार आहे.

दाखल नोंदवहीप्रमाणे आमच्याकडे ११,३८६ पुस्तके आहेत. सभासद सुमारे ६४०, ग्रंथपाल ताई एक, शिपाई मामा एक आणि बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेला मी. सुटीच्या दिवशी महाविद्यालयातील चार विद्यार्थी मदतीला येतील. २००६ साली एका स्थानिक व्यावसायिकाकडून घेतलेली एक प्रणाली जुन्या संगणकात पडून आहे. २०१५ नंतर तिच्यात एकही पुस्तक चढलेले नाही.

एनआयसी या सरकारी संस्थेच्या ई-ग्रंथालय प्रणालीचाही विचार झाला, परंतु सर्व माहिती आपल्याच खोलीतील संगणकावर असावी असा सदस्यांचा आग्रह होता आणि लिनक्सशी माझी जुनी ओळख आहे, म्हणून कोहा या वाचनालयांसाठीच्या मुक्त प्रणालीवर एकमत झाले. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील वाचनालयांची जुनी प्रणाली सन २००० च्या तारखा पेलू शकणार नव्हती, म्हणून त्यांनी १९९९ मध्ये ही तयार करून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आणली. तिच्या परवान्याला पैसे पडत नाहीत, हे ऐकून खजिनदारांची कळी खुलली.

हस्तलिखित दाखल नोंदवही बंद करायची नाही, हेही आजच ठरले. अनुदानाच्या तपासणीत आमच्याकडे तीच उघडली जाते.

१४ जानेवारी, रविवार

जुन्याच संगणकात ४८० जीबीची एसएसडी बसवली (३,३०० रुपये) आणि त्यावर उबुंटू २२.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) व कोहाची २३.११ ही आवृत्ती चढवली. प्रत्यक्ष चढवणे तीन तासांत झाले, परंतु त्यानंतर दोन संध्याकाळी वाया गेल्या. वाचकांचे शोधपान उघडत होते आणि कर्मचाऱ्यांचे पान मात्र काही केल्या उघडत नव्हते. कोहाच्या मांडणीत कर्मचाऱ्यांसाठी ८०८० हे पोर्ट (संगणकात शिरण्याचे क्रमांकाचे दार) मी नेमून दिले होते, पण त्या पोर्टावर कान द्यायला अपाचेला, म्हणजे पाने पुरवणाऱ्या वेब सर्व्हरला, सांगायचेच विसरलो होतो. अपाचेच्या पोर्टांच्या फाइलमध्ये एक ओळ घालताच पान उघडले.

दुसरी चूक याहून साधी होती. शनिवारी वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला, त्याने संगणकाला नवा पत्ता दिला आणि देवघेवीच्या टेबलावरील संगणकाला कोहा सापडेना. राउटरमध्ये मुख्य संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवला. हे काम पहिल्या दिवशीच करावे.

२८ जानेवारी, रविवार

जुन्या प्रणालीतील ७,२०० पुस्तकांची माहिती बाहेर काढून देण्यासाठी त्या व्यावसायिकाने पंधरा हजार रुपये मागितले. संगणकातील फोल्डर उघडून पाहिले, तेव्हा सर्व माहिती साध्या डीबीएफ फाइलींत (जुन्या पद्धतीच्या तक्त्यांत) पडलेली होती आणि लिबरऑफिसने ती विनातक्रार उघडली. पंधरा हजार वाचले म्हणून सर्वांनी चहा घेतला, पण तो आनंद चहा संपेपर्यंतच टिकला. माहिती युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या एका फाँटमध्ये टंकलेली असल्यामुळे पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसत होती.

परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये आणली. पहिल्या शंभर नोंदी नजरेखालून घातल्यावर ठीक वाटल्या आणि तिथेच आम्ही फसलो, कारण त्या शंभरांत ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची गर्दी नव्हती. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकला जातो. परिवर्तकाने काही ठिकाणी ही अदलाबदल केली आणि काही ठिकाणी सोडून दिली. परिणामी ‘कविता’ या शब्दाचे ‘किवता’ झाले आणि ‘धर्म’ या शब्दाचे ‘धमर्’. ताईंनी नेहमीच्या तीस-चाळीस चुकांची यादी काढली, मी ती शोधा-बदला पद्धतीने चालवली आणि उरलेल्या सुमारे सहाशे नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. तीन आठवड्यांच्या शनिवार-रविवारचा हा हिशेब आहे. दुसऱ्यांनी हे काम करताना पहिल्या शंभर नोंदी तपासू नयेत. कवितासंग्रह, धर्मग्रंथ आणि इतिहास या कपाटांतल्या नोंदी मुद्दाम निवडून तपासाव्यात.

नोंदवहीत असलेली आणि जुन्या प्रणालीत नसलेली ४,१८६ पुस्तके विद्यार्थ्यांकडून टंकून घेण्याचे ठरले आहे. दर नोंदीला तीन रुपये, म्हणजे एकूण १२,५५८ रुपये.

११ फेब्रुवारी, रविवार

एक्सेलने आज पूर्ण दिवस खाल्ला, आणि त्यात दोष आमचाच होता. दाखल क्रमांकाचा स्तंभ ‘मजकूर’ म्हणून ठरवून न दिल्यामुळे ००४५७१ या क्रमांकाचे ४५७१ झाले. तेरा अंकी आयएसबीएन (पुस्तकांचे आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घातांकाच्या रूपात दिसू लागले आणि तशाच अवस्थेत फाइल सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्यात) साठवल्यामुळे शेवटचे अंक कायमचे गेले. सुमारे नऊशे पुस्तके पुन्हा कपाटातून काढून आयएसबीएन टंकावे लागले. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतोच, म्हणून आकडा नऊशेवर थांबला.

तारखांचा घोळ जास्त लबाड निघाला. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असल्यामुळे ५ मार्चची तारीख ३ मे झाली, परंतु १८ मार्चसारख्या तारखांना महिना अठरावा असू शकत नसल्यामुळे त्या मजकूर म्हणून जशाच्या तशा राहिल्या. म्हणजे निम्म्या तारखा बरोबर दिसत होत्या, म्हणून कोणाला शंका आली नाही. नोंदवहीत सलग पाच पुस्तके एकाच महिन्यात दाखल झालेली असतात, ती संगणकात वेगवेगळ्या महिन्यांत विखुरलेली ताईंना दिसली, तेव्हा हे उघडकीस आले.

तिसरी गोष्ट म्हणजे चार विद्यार्थ्यांपैकी दोघांनी दाखल क्रमांक देवनागरी अंकांत आणि दोघांनी इंग्रजी अंकांत टंकले होते. माणसाला ते एकच वाटतात, पण संगणकाला ते दोन वेगळे क्रमांक वाटतात आणि क्रमवारी लावली की देवनागरी अंकांचे सगळे तळाशी जाऊन बसतात. आता नियम केला आहे: पुस्तकाचे नाव मराठीत, पण दाखल क्रमांक, किंमत, वर्ष आणि आयएसबीएन हे सर्व इंग्रजी अंकांत, आणि दाखल क्रमांक सहा अंकी, डावीकडे शून्ये भरून.

२५ फेब्रुवारी, रविवार

मार्क-एडिट हा प्रोग्राम वापरून तक्त्याचे मार्क नोंदींत, म्हणजे वाचनालयांच्या प्रणालींना समजणाऱ्या ठरलेल्या साच्यात, रूपांतर केले. पुस्तकाचे नाव २४५ या क्षेत्रात, लेखक १०० मध्ये, प्रकाशक २६० मध्ये आणि प्रत्यक्ष प्रतीची माहिती, म्हणजे दाखल क्रमांक, किंमत आणि कपाट, कोहाच्या ९५२ या क्षेत्रात.

पहिल्या आयातीत पडद्यावर सर्वत्र चित्रविचित्र चिन्हे उमटली. फाँट गेला असे समजून चार दिवस फाँट बदलत बसलो. खरे कारण नोंदीच्या शीर्षपट्टीत होते. तिच्यातील एका ठरलेल्या जागी ‘ए’ हे रोमन अक्षर नसले, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही असे गृहीत धरले जाते आणि मग देवनागरीचा चिवडा होतो. मार्क-एडिटमध्ये रूपांतराच्या वेळी यूटीएफ-८ चा, म्हणजे युनिकोडचा, पर्याय निवडायचा राहिला होता.

दुसऱ्या आयातीत मजकूर स्वच्छ आला, पण ७,२०० पुस्तकांपैकी एकाचीही प्रत दिसेना. शाखेच्या रकान्यात मी ‘ठाणे’ असे लिहिले होते. कोहाला तिथे शाखेचे नाव नको असते, आपणच सुरुवातीला ठरवून दिलेला शाखेचा संकेत हवा असतो. आयात केलेला गठ्ठा एका कळीने मागे घेता येतो, ही सोय मोठी आहे. ती नसती तर ७,२०० रिकाम्या नोंदी हाताने पुसाव्या लागल्या असत्या.

वर्गीकरणाबद्दल आज थोडा वाद झाला. ड्युई या विषयवार दशांश वर्गीकरण पद्धतीचे बोधांक सर्व पुस्तकांना द्यावेत असे एका सदस्यांचे म्हणणे होते. आमच्याकडे सहा हजारांहून अधिक कादंबऱ्या आणि कथासंग्रह आहेत; ड्युईत मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा एकच अंक आहे, म्हणजे अकरा कपाटांवर एकच पाटी लावावी लागेल. आमची जुनी ‘का’, ‘क’, ‘ना’, ‘च’ ही प्रकारांची अक्षरे आणि पुढे लेखकाच्या आडनावाची दोन अक्षरे ही पद्धत सभासदांच्या अंगवळणी पडलेली आहे. तीच ठेवली.

१० मार्च, रविवार

पुस्तके आत गेली, पण मराठीत शोध घेतला की धड काही सापडत नाही. पूर्ण नाव टंकले तरी निकाल शून्य, आणि एखादे अक्षर टंकले तर भलतीच पुस्तके. कोहाचे शोधयंत्र झेब्रा मूळ मांडणीत ज्या अक्षर-तक्त्याने शब्द तोडते, तो तक्ता देवनागरीच्या उपयोगाचा नाही. झेब्राच्या मांडणीच्या फाइलमध्ये तो काढून आयसीयूची (अनेक लिपी समजणाऱ्या संचाची) शब्दसाखळी लावावी लागते आणि मग संपूर्ण अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते. ती बांधताना ४ जीबी स्मृती (रॅम) अपुरी पडून संगणक दोनदा गोठला, म्हणून आणखी ४ जीबी घातली (१,९०० रुपये).

यानंतर बहुतेक शोध लागू लागले, तरी ‘कादंबऱ्या’ हा विषय टंकल्यावर शेल्फवरील निम्मीच पुस्तके येत होती. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या तर डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नव्हता. शेवटी प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक काढून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर दोन प्रकारे लिहिले जाते: एकात स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. परिवर्तकाने दुसरा प्रकार वापरला होता आणि विद्यार्थ्यांच्या कळफलकाने पहिला. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली, त्याआधीच्या सवयीने ते ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र मिळून तयार केले जाते. सर्व नोंदी बाहेर काढून दोन्ही अक्षरे एकाच पद्धतीची केली आणि पुन्हा आत घातल्या. हे आयातीपूर्वी केले असते तर अर्ध्या तासाचे काम होते. आता त्याला दोन रविवार लागले.

विभक्तीचे कोहाला काही कळत नाही. ‘शाळा’ शोधले तर ‘शाळेतील’ सापडत नाही. यावर आम्ही काही केलेले नाही. शोधपानावर वरच्या बाजूला ‘पूर्ण शब्दाऐवजी त्याची पहिली दोन-तीन अक्षरे टंकावीत, उदाहरणार्थ शाळ’ अशी सूचना लिहिली आणि उजवीकडचा शब्दांश आपोआप धरण्याचा पर्याय चालू केला. ताईंच्या मते सभासद सूचना वाचत नाहीत. त्यांचे म्हणणे बहुधा खरे ठरेल.

लेखकांची नावे हा वेगळाच डोंगर आहे. समजा अ. ब. जोशी असे कोणी लेखक असतील, तर त्यांचे नाव आमच्या नोंदींत ‘जोशी अ.ब.’, ‘अ. ब. जोशी’, ‘जोशी, अ ब’ आणि ‘श्री. अ.ब. जोशी’ असे चार प्रकारे येते आणि कोहा त्यांना चार माणसे समजते. ताईंनी रोज दुपारी पन्नास नावे एकसारखी करण्याचे व्रत घेतले आहे.

३१ मार्च, रविवार

बारकोड लेबलांसाठी जुन्या बाजारातून थर्मल प्रिंटर घेतला (७,५०० रुपये) आणि बारा हजार लेबलांची रिळे आणली (४,२०० रुपये). वाचकयंत्र १,८५० रुपयांचे, यूएसबीचे. लेबले दाखल क्रमांकाच्या क्रमाने छापून झाली.

२१ एप्रिल, रविवार

लेबले चिकटवण्याचे काम रखडले आहे आणि त्याचे कारण छपाईचा क्रम आहे. लेबले दाखल क्रमांकाने छापली, पुस्तके मात्र कपाटात विषय आणि लेखक यांच्या क्रमाने उभी आहेत, त्यामुळे प्रत्येक लेबलासाठी पुस्तक शोधत हिंडावे लागते. दोन माणसांची जोडी तासाला साठ पुस्तकांच्या वर जात नाही. पुढच्या वेळी (ती वेळ येऊ नये) कपाटाप्रमाणे यादी काढून त्या क्रमाने छापायचे.

लेबल कुठे लावावे यावरही दोन दिवस गेले. शेवटी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, आमच्या प्लास्टिकच्या आवरणाखाली लावायचे ठरले, म्हणजे हाताळून फाटणार नाही.

१९ मे, रविवार

उद्या ठाण्यात लोकसभेचे मतदान आहे, त्यामुळे ताई निवडणुकीच्या कामावर आणि दोन विद्यार्थी परीक्षेच्या तयारीत. काम बंद. लेबले जवळजवळ लावून झाली आहेत.

२ जून, रविवार

आज सहज म्हणून कपाट क्रमांक तीनमधील पुस्तकांवर वाचकयंत्र फिरवले, तर दहांपैकी सात वाचली गेली नाहीत. पुस्तक उघडून पाहिले तर लेबल जवळजवळ कोरे. काळ्या रेघांचा करडा धूर झाला होता आणि आकडे बोटाने चाचपून वाचावेत इतके फिके. कपाट तीन खिडकीसमोर आहे म्हणून आधी उन्हाला दोष दिला, पण आतल्या अंधाऱ्या कपाटांतही तीच अवस्था निघाली.

कारण नंतर एका लेबल छापणाऱ्या जाणकारांनी सांगितले. आम्ही घेतलेला प्रिंटर शाईची रिबन वापरत नाही. तो उष्णतेने काळा पडणारा कागद तापवून छापतो. दुकानातील पावती ज्या कागदाची असते तोच हा कागद. ऊन आणि मे महिन्याची उष्णता यांनी तो उडतोच, पण प्लास्टिकच्या आवरणाला मऊपणा आणणारी जी द्रव्ये असतात, ती त्याची छपाई आणखी झपाट्याने पुसतात. म्हणजे लेबल टिकावे म्हणून ज्या आवरणाखाली ते लावले, त्यानेच ते खाल्ले. प्रिंटर आणि रिळे मिळून ११,७०० रुपये आणि विद्यार्थ्यांचे सहा रविवार गेले. चूक माझी होती. दुकानदाराने रिबनचा प्रिंटर दाखवला होता आणि महाग म्हणून मीच तो नाकारला होता.

१६ जून, रविवार

नवी लेबले साध्या लेझर प्रिंटरवर, ए-४ आकाराच्या, एका पानावर ६५ लेबले असलेल्या कागदांवर छापणार आहोत. दोनशे पानांचे १,८०० रुपये, टोनरचे १,१५० आणि वरून लावायच्या पारदर्शक चिकटपट्टीचे १,६००.

मात्र छापण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात आली आणि ती या सर्व प्रकल्पातील सर्वांत उपयोगाची ठरली. पहिल्या फेरीत नोंदवहीतील प्रत्येक क्रमांकाचे लेबल छापले होते. ज्यांचे पुस्तकच सापडले नाही अशी लेबले मामांनी एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती. तो डबा भरलेला होता. न ठरवता आमची साठा पडताळणी होऊन गेली होती. फक्त ती शेवटी झाली, जी सर्वांच्या आधी व्हायला हवी होती.

डबा आणि नोंदवही समोर ठेवून दोन दिवस बसलो. ११,३८६ पैकी ६१२ पुस्तके रीतसर बाद झालेली होती, नोंदवहीत त्यांच्यापुढे लाल शाईने तसे लिहिलेले होते आणि तरीही टंकताना ती कोणी वगळली नाहीत. उरलेल्या १०,७७४ पैकी १०,०४१ कपाटांत सापडली, २८४ सभासदांकडे आहेत आणि ४४९ पुस्तकांचा पत्ता नाही. याउलट ३७ पुस्तके अशी निघाली की ती कपाटात आहेत पण नोंदवहीत त्यांचा उल्लेखच नाही. त्यांतील बहुतेक कोणीतरी भेट दिलेली असावीत.

या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांनी आधी महिनाभर वाचनालयाचे दार अर्धे लावून पडताळणी करावी, नोंदवही नंतर टंकावी. आम्ही बाद झालेली आणि गहाळ पुस्तके टंकली, दुरुस्त केली, त्यांची लेबले छापली.

९ जुलै, मंगळवार

कालच्या पावसाने मध्य रेल्वे कोलमडली, ताई पोहोचू शकल्या नाहीत, आणि मामांनी एकट्याने खालच्या फळ्यांवरील पुस्तके वर चढवली. पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबले. वीज चार वेळा गेली. यूपीएस (३,४०० रुपये) मार्चमध्येच घेतलेला असल्यामुळे संगणक वाचला.

त्या निमित्ताने राखीव प्रत तपासली. कोहा दररोज रात्री स्वतःहून प्रत काढते, हे मी सर्वांना अभिमानाने सांगत आलो होतो; ती प्रत त्याच संगणकाच्या त्याच डिस्कवर पडत होती आणि दोन दिवसांपेक्षा जुनी प्रत आपोआप पुसली जात होती. संगणक पाण्यात गेला असता तर प्रतही गेली असती. आता रोजची प्रत रात्री खजिनदारांच्या घरच्या संगणकावर जाते आणि दर रविवारी एक पेनड्राइव्ह ताई घरी नेतात. एका दुसऱ्या संगणकावर ती प्रत उघडूनही पाहिली. पहिल्या प्रयत्नात उघडली नाही, कारण तिथे कोहाची आवृत्ती जुनी होती.

२८ जुलै, रविवार

दुसऱ्या फेरीची लेबले लावून झाली. या वेळी कपाटाच्या क्रमाने छापल्यामुळे एक जोडी तासाला दोनशेपर्यंत पोहोचली. लेबल आता पहिल्या पानावर, आवरणापासून दूर. हातात धरून तपासायला दुसरे वाचकयंत्र घेतले (२,९०० रुपये).

१२ ऑगस्ट, सोमवार

आज ग्रंथपाल दिन, डॉ. रंगनाथन यांची जयंती. याच मुहूर्तावर संगणकीय देवघेव सुरू करायची, असा चिटणीसांचा हट्ट होता. मुहूर्त चांगला, दिवस वाईट. पुष्पहार, पेढे आणि नेहमीच्या दुप्पट सभासद.

पहिली पाच पुस्तके व्यवस्थित गेली. सहाव्या सभासदाचे नाव शोधण्यासाठी ताईंनी कळफलक मराठी इन्स्क्रिप्टवर नेला आणि पुस्तकाचा बारकोड वाचला. पडद्यावर उत्तर आले: असा बारकोड अस्तित्वात नाही. पुन्हा वाचला, तेच उत्तर. पुस्तक बदलले, तेच उत्तर. रांग दारापर्यंत गेली. मदतनीस विद्यार्थिनीला पडद्यावर ‘झटपट नोंद करा’ असा पर्याय दिसला, तिने तो दाबला, पुस्तक दिले गेले, रांग हलली आणि सर्वांना हायसे वाटले.

दुपारी पेढे खाताना मी नोंदी पाहिल्या. २३ पुस्तकांच्या नव्या, अर्धवट नोंदी तयार झाल्या होत्या आणि त्या प्रत्येकीचा बारकोड देवनागरी अंकांत होता. वाचकयंत्र हे संगणकाच्या दृष्टीने एक कळफलकच असते. ते जणू आकड्यांच्या कळा दाबते, आणि इन्स्क्रिप्ट चालू असेल तर त्या कळांतून देवनागरी अंक उमटतात. वाचकयंत्राने ००४५७१ बरोबरच वाचले होते, फक्त मराठीत लिहिले होते. फेब्रुवारीत अंकांचा नियम आम्हीच केला होता, पण तो यंत्रालाही लागू करावा लागेल हे सुचले नव्हते.

देवघेवीच्या संगणकावरून मराठी कळफलक काढून टाकला. सभासद आता नावाने न शोधता त्यांच्या ओळखपत्रावरील बारकोडने शोधायचा. नाव टंकायची वेळ आली तर शेजारच्या संगणकावर. देवघेवीच्या खात्याकडून झटपट नोंदीची परवानगीही काढून घेतली. त्या २३ नोंदी रात्री साडेदहापर्यंत बसून मूळ नोंदींत मिळवल्या.

दुसरी अडचण सौम्य होती. आमच्याकडे वर्गणीचे पाच प्रकार आहेत आणि देवघेवीच्या नियमांत मी चारच भरले होते. राहिलेल्या ज्येष्ठ नागरिक प्रकाराला कोहा पुस्तकच देईना. आजच्या गर्दीत निम्मे तेच होते.

१ सप्टेंबर, रविवार

दिनदर्शिकेत गुरुवारची साप्ताहिक सुटी भरली नव्हती, म्हणून काही पुस्तकांची परतीची तारीख बंद वाराला पडली आणि सभासदांना दुसऱ्या दिवशी दंड लागला. दंड एकूण ६४ रुपये, पण तक्रारी अकरा. सर्व दंड माफ केला. गणपतीच्या सुट्याही भरून ठेवल्या.

मुदत संपल्याचा संदेश मोबाइलवर पाठवण्याचा विचार सध्या सोडला आहे. एका संदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, परंतु देवनागरीची फक्त ७०. आमचा साधा, सभ्य स्मरणसंदेश ११८ अक्षरांचा भरला, म्हणजे प्रत्येक वेळी दोन संदेशांचे पैसे. त्याशिवाय संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी आधी करावी लागते. संदेश रोमन लिपीतून मराठीत पाठवा, असे एकाने सुचवले; त्याला ताईंनी नकार दिला आणि मीही त्यांच्या बाजूने होतो. ज्यांच्याकडे ईमेल आहे त्यांना ईमेल जाते, बाकीच्यांची यादी दर शनिवारी छापून मामा फोन करतात. मामांच्या फोननंतर पुस्तके जास्त येतात.

आरएफआयडीची (पुस्तकात चिप लावून ते ओळखण्याच्या पद्धतीची) चौकशी दोन सदस्यांनी केली होती. दरपत्रक पाहिल्यावर विषय पुन्हा निघाला नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आजवरचा खर्च ४२,१५८ रुपये. एसएसडी व स्मृती ५,२००, यूपीएस ३,४००, दोन वाचकयंत्रे ४,७५०, वाया गेलेला प्रिंटर व रिळे ११,७००, दुसऱ्या फेरीची लेबले ४,५५० आणि टंकलेखन १२,५५८. जुना प्रिंटर विकायला काढला आहे, अजून गिऱ्हाईक नाही.

दिवाळी अंकांची योजना पुढच्या आठवड्यात सुरू होत आहे आणि गेले दोन रविवार त्यांच्या नोंदी कशा करायच्या यावर गेले. नियतकालिकांच्या विभागात घातले तर प्रत्येक अंकाची वेगळी वर्गणी आणि अपेक्षित अंकांचे वेळापत्रक मागितले जाते. पुस्तक म्हणून घातले तर मार्चनंतर दीडशे नोंदी काढून टाकाव्या लागतील. शेवटी ‘दिवाळी अंक’ असा वेगळा प्रकार केला, मुदत सात दिवस, एका वेळी एकच अंक, आणि क्रमांक ९००००१ पासून, म्हणजे दाखल क्रमांकांशी गल्लत होणार नाही आणि योजना संपल्यावर ९ ने सुरू होणारे सर्व एकदम काढता येतील. ज्यांनी योजनेची वर्गणी भरलेली नाही त्यांना कोहा अंक देत नाही, हे तीन प्रकारच्या सभासदांवर तपासून पाहिले. ज्येष्ठ नागरिकांवर आधी.

४४९ गहाळ पुस्तकांपैकी ३१ आतापर्यंत परत आली. काही सभासदांनी आपणहून आणून दिली, चार बांधणीवाल्याकडे दोन वर्षे पडून होती आणि एक आमच्याच नोटीस फळ्याच्या मागे, फळा भिंतीपासून सरळ राहावा म्हणून पाचर म्हणून लावलेले सापडले. त्याचे लेबल बिस्किटाच्या डब्यात होते, पण ते जुन्या कागदाचे असल्यामुळे आता कोरे झाले आहे. नवे छापायला टाकले आहे आणि फळ्यामागे मामांनी पुठ्ठा लावला आहे.